शिवणाचा डबा : एका वेष्टनाचा दुसरा जन्म

कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा डबा दिसतो. मूल स्टुलावर चढून तो खाली काढते, मोठ्या आशेने झाकण उघडते आणि हिरमुसते. आत बिस्किटे नसतात. असतात ती दोऱ्याची रिळे, सुयांची पुडी, हुक, जुन्या शर्टांची काढून ठेवलेली बटणे, परकराची नाडी आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेले कापडाचे तुकडे. हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. डेन्मार्कहून जगभर गेलेल्या लोणी-बिस्किटांच्या निळ्या गोल डब्याबद्दल हाच विनोद अनेक देशांत सांगितला जातो.

काही दिवसांपूर्वी आम्ही शाळेत ‘घरातले जुने डबे’ असे छोटेसे प्रदर्शन मांडले. मुलांनी घरून डबे आणले. बिस्किटांचे, वनस्पती तुपाचे, दूधभुकटीचे, तेलाचे. पुष्कळशा डब्यांत शिवणकामाचेच सामान होते. आठवीतल्या एका मुलीने तिच्या आजीचा डबा आणला होता. आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. डब्यात रिळांच्या खाली घडी करून ठेवलेले एक पांढरे झबले निघाले. एक बाही लावलेली, दुसरी नुसती टाचण्यांनी टाचून ठेवलेली. टाचण्या गंजल्या होत्या आणि प्रत्येक टाचणीभोवती तांबूस डाग पडला होता. मुलगी म्हणाली, “डबा घट्ट बंद होता. मग गंज आत शिरला कसा?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला बरेच मागे जावे लागले. खाण्याच्या वस्तूसाठी बनवलेला डबा शिवणाचा डबा कसा होतो, हा केवळ काटकसरीचा विषय नाही. त्यात धातुशास्त्र आहे, छपाईचा इतिहास आहे, व्यापार आहे आणि घर चालवणाऱ्या बायकांचे शहाणपणही आहे.

कल्हई आणि पत्रा

पितळेच्या भांड्याला कल्हई लावताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना डब्याचा पत्रा समजावून सांगणे सोपे जाते. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने तो पातळ पसरवतो. पितळेतले तांबे आंबट पदार्थात उतरू नये म्हणून हे कथलाचे अस्तर. डब्याचा पत्रा म्हणजे लोखंडाला, पुढे पोलादाला, लावलेली कल्हईच.

युरोपात हा उद्योग प्रथम बोहेमिया आणि सॅक्सनीच्या डोंगराळ भागात वाढला, कारण लोखंड आणि कथील दोन्ही तेथे जवळजवळ मिळत. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात अँड्र्यू यारँटन हा इंग्रज ही कला पाहण्यासाठी सॅक्सनीला जाऊन आला. पुढे वेल्समधील पाँटिपूल येथे हॅनबरी घराण्याच्या कारखान्यात हातोड्याने ठोकण्याऐवजी रुळांतून दाबून पत्रा काढण्याची पद्धत रुळली. ठोकलेला पत्रा कमीजास्त जाडीचा होई. रुळांतून निघालेला पत्रा एकसारखा आणि गुळगुळीत असे, त्यामुळे त्यावर कथीलही सारखे बसे. १९व्या शतकात वेल्स हे जगाचे पत्र्याचे कोठार बनले.

कापून उघडायचा डबा, झाकण काढून उघडायचा डबा

१८१० मध्ये पीटर ड्युरंड याने पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये घेतले. १८१३ च्या सुमारास ब्रायन डाँकिन आणि त्याच्या भागीदारांनी लंडनमध्ये असे डबे तयार करण्याचा कारखाना चालवला. हे डबे डाख देऊन पूर्ण बंद केलेले असत. ते उघडायचे म्हणजे छिन्नी-हातोडी घ्यायची. एकदा कापल्यावर डब्याला धारदार कडा उरे, झाकण उरत नसे. अशा डब्याला दुसरा जन्म मिळाला तरी अर्धवटच.

बिस्किटाची गरज वेगळी होती. बिस्किटाला जंतूंपासून जपायचे नसते, कारण कोरडेपणामुळे ते तसेही टिकते. त्याला जपायचे असते दमट हवेपासून आणि धक्क्यांपासून. इंग्लंडमधील रेडिंग या गावात जोसेफ हंटले याने १८२२ मध्ये बेकरी काढली. लंडनहून बाथकडे जाणाऱ्या घोडागाड्या समोरच्या खाणावळीशी थांबत आणि प्रवासी बिस्किटे घेत. बिस्किटे वाटेत मोडत, मऊ पडत. हंटलेचा त्याच नावाचा मुलगा लोखंडी सामानाचा व्यवसाय करी. १८३२ मध्ये त्याने पत्र्याचे डबे बनवायला सुरुवात केली. वडिलांची बिस्किटे या डब्यांतून दूरवर जाऊ लागली. १८४१ मध्ये जॉर्ज पामर हा भागीदार आला आणि ‘हंटले अँड पामर्स’ हे नाव पुढे जगभर पोचले.

या डब्याला सरकून बसणारे झाकण होते. एका बैठकीत डबा संपत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा उघडता-मिटता आला पाहिजे, ही मूळ गरज. बिस्किटे संपली तरी हा गुण डब्यात शिल्लकच राही. शिवणाच्या सामानाला नेमके हेच हवे असते : कोरडेपणा, रुंद तोंड आणि सहज निघणारे झाकण.

चित्र छापलेला पत्रा

सुरुवातीला डब्यावर कागदाचे लेबल चिकटवत. लेबल फाटले की डबा उघडाबोडका. १८६८ मध्ये हंटले अँड पामर्सने पत्र्यावरच रंगीत नक्षी उतरवलेला डबा काढला. पण पत्र्यावर छापणे सोपे नव्हते. त्या काळची रंगीत छपाई शिळेवरून होत असे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या तत्त्वावर ती चाले. ओला कागद मऊ असतो, तो दगडावर दाबता येतो. पत्रा कडक असल्यामुळे दगडाला सारखा टेकत नाही.

१८७५ मध्ये रॉबर्ट बार्कले याने युक्ती काढून पेटंट घेतले. शाई दगडावरून थेट पत्र्यावर न घेता आधी मधल्या एका रुळावर घ्यायची आणि तेथून पत्र्यावर उतरवायची. मधल्या रुळाचे आवरण लवचीक असल्यामुळे ते पत्र्याशी जुळवून घेई. हीच ऑफसेट छपाई. कागदासाठी ती २०व्या शतकाच्या सुरुवातीला वापरात आली. म्हणजे आज आपल्या हातातले पाठ्यपुस्तक ज्या तंत्राने छापले जाते, ते तंत्र आधी बिस्किटांच्या डब्यासाठी जन्माला आले.

यानंतर डब्यांची चढाओढ लागली. १९०० च्या आगेमागे पुस्तकांच्या थप्पीसारखे, फुलदाणीसारखे, हातातल्या पिशवीसारखे डबे निघाले. असा डबा टाकवत नाही हे कारखानदाराला पक्के ठाऊक होते. बिस्किटे चार दिवसांत संपतील, पण आपले नाव घरात पुढची वीस वर्षे राहील, असा हा हिशेब. दुसरा जन्म हा घरच्यांनी ऐनवेळी शोधलेला उपाय होता, तसाच तो विक्रेत्याने आधीच मांडलेला बेतही होता.

रीळ आणि पिशवी

शिवणकामाच्या सामानाचीही हीच गोष्ट आहे. पूर्वी दोरा लडीच्या रूपात विकत. घरी नेऊन तो गुंडाळावा लागे. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे क्लार्क कुटुंबाने १८१२ च्या सुमारास सुती शिवणदोऱ्याचा कारखाना काढला. नेपोलियनबरोबरच्या युद्धामुळे रेशमाची टंचाई झाली होती, त्यातून मजबूत सुती दोऱ्याला मागणी आली. पुढे ते लाकडी रिळावर दोरा गुंडाळून देऊ लागले. रिळाचे अर्धी पेनी जास्त घेत आणि रिकामे रीळ परत आणले की ती परत देत. सोड्याच्या बाटलीची अनामत आपल्यापैकी अनेकांनी भरलेली आहे. तोच हा प्रकार.

कधीकधी वेष्टनच कापड बनले. अमेरिकेत पीठ, साखर आणि कोंबड्यांचे खाद्य सुती पिशव्यांतून येई. शेतकऱ्यांच्या घरी त्या उसवून त्यांचे टॉवेल, उशांचे अभ्रे, मुलींचे फ्रॉक होत. १९२० च्या दशकात गिरण्यांनी हे हेरले आणि चौकटीच्या, फुलांच्या नक्षीच्या पिशव्या काढल्या. कंपनीचे नाव धुतल्यावर निघून जाईल अशा शाईत छापू लागले. एका फ्रॉकला पुरेल इतके कापड हवे म्हणून खाद्य आणताना एकाच नक्षीच्या पिशव्या निवडून आणल्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी पिशवी स्वस्त पडू लागली आणि ही चाल संपत गेली. तेथील बायका एकाएकी उधळ्या झाल्या नव्हत्या. हातात येणारी पिशवीच बदलली होती.

रॉकेलच्या डब्याने शिकवलेला धडा

आशियात या विषयाचा सर्वांत मोठा धडा रॉकेलच्या डब्याने दिला. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी पूर्वेकडे रॉकेल पाठवी ते पत्र्याच्या डब्यांतून. पाच अमेरिकी गॅलनचे, म्हणजे सुमारे १९ लिटरचे दोन डबे एका लाकडी खोक्यात असत. इतका पत्रा आणि लाकूड जहाजातून वाहून नेणे महाग पडे.

लंडनच्या मार्कस सॅम्युएल याने याला पर्याय काढला. त्याचे वडील शिंपल्यांचे व्यापारी होते. शिंपले चिकटवलेल्या शोभेच्या छोट्या पेट्याही ते विकत. सॅम्युएलने तेल थेट जहाजाच्या टाक्यांत भरून न्यायचे ठरवले. ‘म्युरेक्स’ या शंखाचे नाव दिलेले त्याचे तेलवाहू जहाज ऑगस्ट १८९२ मध्ये सुमारे ४,००० टन रशियन रॉकेल घेऊन सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. हिशेब चोख होता. तेल बंदरात उतरवायचे, गिऱ्हाइकाने आपले भांडे आणून ते स्वस्तात न्यायचे.

पण गिऱ्हाईक येईना! चौकशीअंती कळले की लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता. स्टँडर्डच्या निळ्या डब्यांपासून छपरे, पिंजरे, गाळण्या, शेगड्या, पेले असे काय काय बनत होते. रिकाम्या डब्यावर कारागिरांचा एक वर्गच उभा होता. स्वस्त तेल घेऊन हा डबा गमवायला कोणी तयार नव्हते. शेवटी सॅम्युएलला पत्रा मागवून जागोजागी डबे तयार करण्याची व्यवस्था करावी लागली. ते डबे लाल रंगाचे होते. १८९७ मध्ये त्याच्या कंपनीला ‘शेल’ हे नाव मिळाले. इंग्रजीत शेल म्हणजे शिंपला.

भारतातही तेल आणि पत्रा यांचे नाते जवळचे. १९२० मध्ये जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली ती टाटा पोलाद आणि बर्मा ऑइल यांच्या सहभागातून, कारण तेल कंपनीला डब्यांसाठी पत्रा हवा होता. तेथून निघालेला पत्रा तेल घेऊन गावोगाव गेला. तेल जळून गेले, पत्रा मागे राहिला.

घरातली उतरंड

मराठी घरांत रिकाम्या डब्यांची एक उतरंडच लागलेली असे. चौकोनी तेलाच्या डब्याचे तोंड लहान. पत्र्याचे काम करणाऱ्याकडे नेऊन त्याची वरची बाजू कापायची, कडा दुमडून घ्यायच्या, बिजागरीचे झाकण बसवायचे. मग त्यात तांदूळ, ज्वारी किंवा दिवाळीचा चिवडा. वनस्पती तूप मात्र घट्ट, ते ओतता येत नाही, चमच्याने काढावे लागते. म्हणून त्याच्या लहान गोल डब्याचे तोंड रुंद. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्याचा पिवळा डबा, त्यावरचे माडासारखे झाड आठवत नाही असे जुने घर सापडणे कठीण. रिकामा झाल्यावर तो कुठे डाळीला, कुठे तुळशीच्या रोपाला आणि कुठे रिळे-बटणांना उपयोगी पडे.

या वाटपाला एक क्रम होता. चांगला, न गंजलेला, वास न येणारा डबा खाण्याच्या पदार्थांसाठी. आतून थोडा काळवंडलेला, पोचा आलेला डबा शिवणासाठी. त्याहून वाईट असेल तो खिळे-स्क्रूंसाठी. शेवटी भंगारवाल्याकडे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा क्रम अगदी बरोबर आहे. जुन्या डब्यांचा सांधा शिसे आणि कथील यांच्या डाखाने जोडलेला असे. बाहेरच्या रंगातही शिशाचे संयुग असण्याची शक्यता असते. आंबट किंवा खारट पदार्थ अशा डब्यात ठेवणे धोक्याचे. बटणांना मात्र त्याचे काही नाही. ज्या डब्यावर अन्नासाठी भरवसा ठेवता येत नाही, त्याचा शिवणाचा डबा करणे यात काटकसर होती आणि सावधगिरीही होती.

हा क्रम उलटा फिरवला तर काय होते हे आपण विसरू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तपासणीत तेलाच्या डब्यात आणि अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. कीटकनाशकाच्या डब्याला घरात दुसरा जन्म नसतो. अन्नासाठी नाही, पाण्यासाठी नाही आणि कापडासाठीही नाही. तो तीनदा विसळून, भोक पाडून निकामीच करायचा असतो. डबा पुन्हा वापरणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की यात आधी काय होते?

डबा बंद, तरी गंज कसा?

आता त्या झबल्याकडे येऊ. मुलीच्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले होते : डबा का गंजला आणि टाचण्या का गंजल्या?

पहिल्याचे उत्तर विद्युत्-रसायनात आहे. लोखंडावरचा कथलाचा थर अखंड आहे तोवर तो लोखंडाला हवा-पाण्यापासून झाकतो. पण ओरखडा पडला की गोष्ट उलटते. प्रमाण विद्युत्-विभव पाहिले तर कथलाचे –०.१४ व्होल्ट, लोखंडाचे –०.४४ आणि जस्ताचे –०.७६ आहे. ज्याचा आकडा अधिक ऋण, तो धातू लवकर झिजतो. ओलाव्यात लोखंड आणि कथील एकमेकांना टेकून असले की लोखंड आधी झिजते. म्हणून ओरखड्याच्या जागी डबा झपाट्याने गंजतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचे उलट आहे. तेथे ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. कथील हे नुसते आच्छादन, तर जस्त हा अंगरक्षक.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कापडातच आहे. सुती कापड दिसायला कोरडे असले तरी त्यात पाणी असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवते. हवा अधिक दमट झाली की हे प्रमाण आणखी वाढते. पावसाळ्यात घडी केलेले अर्धा किलो कापड डब्यात ठेवले तर त्याबरोबर आपण निदान तीन मोठे चमचे पाणीही ठेवलेले असते. दिवसा माळ्यावर डबा तापतो आणि कापडातले थोडे पाणी वाफ होऊन डब्याच्या हवेत येते. रात्री पत्रा गार होतो आणि हीच वाफ पत्र्यावर व टाचण्यांवर पाणी होऊन बसते. घट्ट झाकणाने ओलावा बाहेर ठेवला नव्हता, आत कोंडला होता. गंज बाहेरून आलाच नाही. त्याला लागणारे पाणी झबल्यानेच पुरवले.

यावरून शिवणाचे सामान ठेवण्याचे नियम सहज निघतात. डबा भरायचा तो कोरड्या हवेत, म्हणजे आपल्याकडे दिवाळीनंतर, कापडाला ऊन दाखवून. अर्धवट शिवण ठेवायचे तर टाचण्या काढून कच्चा धावदोरा घालावा. सुया शिलाई मशीनचे तेल पुसटसे लावलेल्या फलाटीच्या तुकड्यात टोचाव्यात आणि तो तुकडा कापडापासून वेगळा, छोट्या डबीत ठेवावा. पत्रा आणि कापड यांच्या मध्ये धुतलेल्या जुन्या धोतराचे अस्तर असावे. खळ घातलेले कापड खळ धुऊन मगच ठेवावे, कारण कसर त्या पिष्ठासाठी येते. साडीचे किंवा बुटांचे पुठ्ठ्याचे खोकेही उपयोगी पडते. मात्र साधा पुठ्ठा कालांतराने आम्लधर्मी होतो आणि घडीच्या रेषांवर कापड पिवळे पडते. तेथेही मध्ये सुती अस्तर हवेच.

पत्रा पातळ झाला, मग नाहीसाच झाला

१९४२ मध्ये जपानने मलाया जिंकला आणि कथलाचा सर्वांत मोठा पुरवठा दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. त्या टंचाईत विजेच्या साहाय्याने कथलाचा अतिपातळ थर देण्याची पद्धत वेगाने पसरली. वितळलेल्या कथलात पत्रा बुडवण्याची जुनी पद्धत पुढे मागे पडली. आजच्या एका सर्वसाधारण प्रकारच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला, एका बाजूस, २.८ ग्रॅम कथील असते. कथलाची घनता दर घनसेंटीमीटरला ७.३ ग्रॅम धरून थराची जाडी किती, हे गणित नववी-दहावीच्या मुलांना अवश्य घालावे. उत्तर सुमारे ०.३८ मायक्रॉन येते. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरला तर त्याच्या जवळजवळ १८० पट पातळ! एका डब्याला कमी कथील लागले हा मोठाच फायदा. पण अशा पत्र्याला ओरखडा पडायला फारसे काही लागत नाही.

त्यानंतर बिस्किटाचा डबाच बहुतेक घरांतून गेला. त्याच्या जागी आले ते प्लॅस्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले, काही वेळा धातूचा मुलामा दिलेले पातळ वेष्टन. दमट हवा रोखण्याचे काम ते चोख करते, वजनाला नगण्य असते आणि स्वस्त पडते. या वेष्टनामुळेच बिस्किटाचा पुडा लहान खेड्यातल्या गरीब मुलालाही परवडू लागला, हे मान्य केले पाहिजे. पण ते फाडूनच उघडावे लागते. त्याला झाकण नाही, कडा नाही, आकार नाही. डाँकिनच्या कापून उघडायच्या डब्याप्रमाणेच, पहिल्या वापरातच त्याचे आयुष्य संपते. थर वेगळे करता येत नसल्याने ते वितळवून नवे करणेही कठीण जाते.

म्हणून ‘पूर्वीचे लोक काटकसरी आणि आताची पिढी उधळी’ असे वर्गात सांगण्याआधी थोडे थांबायला हवे. आजी कितीही काटकसरी असती, तरी तिने बिस्किटाच्या पुड्यात रिळे ठेवली नसती. दुसरा जन्म वापरणाऱ्याच्या हातात असतो, पण तो शक्य आहे की नाही हे पहिल्या जन्माच्या वेळी, कारखान्यातच ठरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लॅस्टिक वेष्टनांविषयी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत टणक वेष्टनांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. हंटले अँड पामर्सने आणि अमेरिकेतल्या गिरण्यांनी ती विक्री वाढावी म्हणून आपणहून उचलली होती, हे लक्षात घेतले तर ही मागणी अशक्य नाही हे पटते.

वर्गात करून पाहा

एक : कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा एकेक तुकडा शिक्षकांनी स्वतः कापून, कडा घासून द्यावा. दोन्हींवर खिळ्याने सारखा खोल ओरखडा काढून ते मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर चार-पाच दिवस ठेवावेत. रोज निरीक्षण लिहावे. तांबूस गंज कोठे आधी दिसतो?

दोन : मुलांनी घरच्या शिवणाच्या डब्याची माहिती लिहून आणावी. डब्यात आधी काय होते, तो घरात कधी आला, कोणी जपला, आत सर्वांत जुनी वस्तू कोणती? माहिती आईला, आजीला किंवा शिवणकाम करणाऱ्या शेजारणीला विचारून मिळवावी. घराचा इतिहास लिहिण्याची ही उत्तम सुरुवात ठरते.

तीन : सुती कापडावरच्या गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून ते काही वेळ उन्हात ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. लिंबातले सायट्रिक आम्ल लोहाच्या संयुगाला विरघळवते. कापड जुने असेल तर आधी कोपऱ्यावर करून पाहावे.

हा तिसरा प्रयोग आम्ही त्या झबल्यावर केला. मुलीने आईची परवानगी आणली होती. टाचण्या एकेक करून काढल्या, लिंबू लावले, ऊन दाखवले, धुतले. डाग बरेच फिके झाले, पण दोन-तीन ठिकाणी पिवळसर छटा राहिली. पुढच्या आठवड्यात मुलीने झबले पुन्हा शाळेत आणून दाखवले. दुसरी बाही आता लावलेली होती. तिच्या आईने ती आजीच्याच डब्यातल्या दोऱ्याने शिवली होती. दोरा जुना झाल्याने दोनदा तुटला, असेही तिने सांगितले. डबा परत घरी गेला आहे. फक्त आता तो माळ्यावर नसतो आणि त्यातल्या सुया वेगळ्या डबीत असतात.